जुन्या गोव्याचे ‘से’ कॅथेड्रल : इतिहास व बांधणी

शाळांच्या सहली सावंतवाडी-बांदा ओलांडून गोव्यात शिरल्या, की मांडवी नदीच्या डाव्या तीरावरील जुन्या गोव्यास त्यांची भेट बहुधा ठरलेलीच असते. तेथे रस्त्याच्या एका अंगास बोम जेझुसचे चर्च व दुसऱ्या अंगास ‘से’ कॅथेड्रल अशा दोन थोर वास्तू उभ्या आहेत. पहिलीत संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव जतन केलेले असल्याने मुलांची गर्दी तिकडे लोटते; दुसरी वास्तू मोठी असूनही उरलेल्या दहा-पंधरा मिनिटांत उरकली जाते. परत आल्यावर मुलांनी लिहिलेल्या निबंधांत या दोहोंची सरमिसळ झालेली आढळते, आणि सेंट झेवियर यांनी हे कॅथेड्रल बांधले असे विधानही कधी कधी दिसते. सेंट झेवियर १५४२ साली गोव्यास आले व १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर निवर्तले. आजच्या कॅथेड्रलचे काम १५६२ साली सुरू झाले. अर्थात त्यांनी ही इमारत डोळ्यांनी पाहिलीही नाही. सहलीपूर्वी वर्गात एक-दोन तास या वास्तूकडे दिले, तर असे घोटाळे टळतील. आणि एका इमारतीच्या भिंतींतून दोन-तीन शतकांचा इतिहास कसा वाचावा, हेही मुलांस उमजेल.

प्रथम नावाविषयी. कॅथेड्रल म्हणजे फार मोठे चर्च, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. मूळ ग्रीक व लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आसन’ असा आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचे, म्हणजे त्या प्रांताच्या मुख्य धर्माधिकाऱ्याचे, आसन असते ते कॅथेड्रल. मग ते लहान असो वा मोठे. ‘से’ हा पोर्तुगीज शब्दही ‘बैठक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे. मराठीत ‘पीठ’ आणि ‘गादी’ हे शब्द ज्या अर्थाने वापरले जातात, तोच हा अर्थ. एवढा खुलासा केला की विद्यार्थ्यांस नाव पाठ करावे लागत नाही.

आता स्थळाविषयी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे विजापूरच्या आदिलशाहीचे भरभराटीचे बंदर होते. अरबी घोड्यांचा व्यापार येथून चाले. २५ नोव्हेंबर १५१० या दिवशी आफोन्सो द आल्बुकेर्क याने हे शहर जिंकून घेतले. तो दिवस ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा. म्हणून तिच्या नावाने एक लहानसे प्रार्थनामंदिर लगोलग उभे राहिले. १५३४ साली पोप तिसरा पॉल याने गोव्यास बिशपची गादी दिली, तेव्हा याच साध्या मंदिरास कॅथेड्रलचा मान मिळाला. ते पुढे वाढविण्यात आले व विसाव्या शतकात त्याची पुनर्रचनाही झाली. कॅथेड्रलच्या पश्चिमेस ते आज पाहावयास मिळते. मोठ्या कॅथेड्रलशेजारी हे छोटे मंदिर मुलांना अवश्य दाखवावे. पन्नास वर्षांत एका सत्तेची महत्त्वाकांक्षा किती फुगली, हे या दोन इमारती शेजारी शेजारी पाहिल्यावर निराळे सांगावे लागत नाही.

कारण पन्नास वर्षांत पुष्कळ घडले होते. गोवा ही पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मलाक्का व मकावपर्यंतच्या ठाण्यांचा कारभार येथून चाले. १५५७-५८ च्या सुमारास बिशपच्या गादीचे रूपांतर आर्चबिशपच्या गादीत झाले. अशा राजधानीस शोभेसे कॅथेड्रल हवे, म्हणून १५६२ साली राजा दों सेबाश्तियांव याच्या नावाने बांधकामाची आज्ञा निघाली. येथे शिक्षकांनी एक गणित फळ्यावर मांडावे. या राजाचा जन्म १५५४ च्या जानेवारीतला. म्हणजे आज्ञा निघाली तेव्हा महाराजांचे वय आठ वर्षांचे होते. आपल्या तिसरीच्या वर्गात शोभावेत एवढे! कारभार अर्थातच इतर पाहत. हा राजा चोवीस वर्षांचा असताना १५७८ साली मोरोक्कोतील लढाईत मारला गेला. वारस नसल्यामुळे १५८० मध्ये पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेले आणि गोव्यातील काम स्पॅनिश राजांच्या अमलाखाली चालू राहिले. मुख्य इमारत १६१९ च्या सुमारास उभी झाली, तिचा प्रतिष्ठापनविधी १६४० मध्ये झाला आणि आतील वेद्या १६५२ पर्यंत पुऱ्या झाल्या. एकूण नव्वद वर्षे. ज्या गवंड्याने पायाचा चिरा बसविला, त्याच्या नातवाने किंवा पणतवाने अखेरची वेदी पाहिली असेल.

दर्शनी दरवाजावर लॅटिन भाषेतील शिलालेख आहे. दों सेबाश्तियांवच्या कारकिर्दीत १५६२ साली या कॅथेड्रलची आज्ञा झाली व पुढील राजांनी सरकारी खजिन्यातून ते चालू ठेवले, असा त्याचा आशय आहे. राजांची नोंद दगडात झाली; परंतु ज्यांनी चिरे काढले, वाहिले, चढविले व घडविले, त्या स्थानिक पाथरवट, गवंडी, सुतार व हेलकऱ्यांचे नाव तेथे नाही. त्यांचा मागमूस दुसरीकडे लागतो. ‘घमेले’ आणि ‘पगार’ हे दोन शब्द कोणत्या भाषेतून आले, असे वर्गात विचारावे. दोन्ही पोर्तुगीज आहेत. ‘लिलाव’, ‘चावी’, ‘बादली’, ‘साबण’, ‘पाद्री’, ‘तुरुंग’ हेही तिकडूनच आले. चुन्याचे घमेले डोक्यावर घेणारा आणि आठवड्याचा पगार मोजून घेणारा माणूस शिलालेखात सापडत नाही, तो भाषेत सापडतो.

आता बांधणी. सर्व इमारत जांभा दगडाची आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील मुलांस जांभ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. चिऱ्याची खाण गावाजवळ असतेच. हा दगड खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि उघड्यावर राहिला म्हणजे कठीण होतो. पण त्याच्या अंगात छिद्रे असतात व पावसाचे पाणी त्यांत मुरते. यासाठी भिंतींवर जाड चुन्याचा गिलावा चढवून वरून पांढरी सफेदी दिली जाई. ‘से’ कॅथेड्रल पांढरेशुभ्र दिसते ते यामुळे; ती शोभा नव्हे, पावसाळ्याची छत्री आहे. समोरच्या बोम जेझुसचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला, जुना दगड उघडा दिसावा या हेतूने, काढून टाकण्यात आला. तेव्हापासून तेथील चिरा पावसाने झिजू लागला व त्यास पुन्हा गिलावा द्यावा की कसे, यावर जाणत्यांत वाद होत आला आहे. सहलीतील मुलांनी दोन्ही भिंतींना हात न लावता केवळ जवळून निरीक्षण करावे. पर्जन्याचा दगडावर होणारा परिणाम हा भूगोलातील पाठ असा समोर उभा असताना पुस्तकातील चित्राची गरज उरत नाही.

इमारतीची लांबी सुमारे २५० फूट, म्हणजे ७६ मीटर. रुंदी १८१ फूट, म्हणजे ५५ मीटर. आणि दर्शनी भागाची उंची ११५ फूट, म्हणजे ३५ मीटर आहे. हे आकडे मुलांपुढे नुसते वाचून दाखविण्यात अर्थ नाही. शाळेच्या पटांगणावर अडीच फुटांचे एक पाऊल धरून शंभर पावले चालावयास लावावे. ती लांबी झाली. तिच्याशी काटकोनात बहात्तर पावले चालावे. ती रुंदी झाली. पटांगण बहुतेक ठिकाणी अपुरे पडेल व गल्लीत किंवा शेताच्या बांधावर जावे लागेल, हेच बरे. उंचीसाठी साठ फुटी माडावर तेवढाच दुसरा माड उभा कल्पावा. एवढी उंची त्या काळी बांबूच्या पराती व दोरखंड यांच्या साहाय्याने गाठली गेली.

कॅथेड्रलचे तोंड पूर्वेकडे आहे व मुख्य वेदी पश्चिमेकडे. युरोपात वेदी पूर्वेकडे ठेवण्याचा प्रघात आहे. येथे तो उलटा झालेला दिसतो. बाहेरील बांधणी टस्कन नावाच्या साध्या, भरदार रोमन पद्धतीची आहे व आतील स्तंभशीर्षे नक्षीदार कोरिंथियन पद्धतीची. पोर्तुगालमधील लेइरिया व पोर्तालेग्रे येथे सोळाव्या शतकात जी कॅथेड्रले उठली, त्यांचे या इमारतीशी कुलसाम्य आहे. बाहेरून पाहिल्यास ती काहीशी कोरडी वाटते, हे खरे. बोम जेझुसच्या कोरीव दर्शनी भागापुढे तर फारच. परंतु आत पाऊल टाकल्यावर तिचे बळ कळते.

आत मध्यभागी लांबच लांब दालन, दोन्ही अंगांस त्याला समांतर दोन दालने, आणि वेदीच्या अलीकडे आडवे जाणारे एक दालन, अशी रचना आहे. त्यामुळे आतील आकार क्रुसासारखा होतो. मधल्या दालनावर अर्धा पिंप पालथा घातल्यासारखे कमानी छत आहे, आणि जेथे आडवे दालन मधल्याला छेदते तेथे कडांच्या बरगड्यांवर तोललेले छत आहे. इतक्या जड दगडी छताखाली मध्ये आधाराचे लाकूड अथवा लोखंड नसताना ते कोसळत कसे नाही, असा प्रश्न चलाख मुलगा विचारतोच. त्याचे उत्तर वर्गात देता येते. एक पोस्टकार्ड कमानीसारखे वाकवून दोन पुस्तकांच्या मध्ये बसवावे. पुस्तके घट्ट धरली तर कार्ड बोटाचा दाब सहन करते. पुस्तके सोडली की ती बाजूस सरकतात व कार्ड सपाट होते. कमान नेहमी आपल्या दोन्ही पायांना बाहेर ढकलीत असते. म्हणून बाजूच्या भिंती जाड हव्यात, किंवा त्यांना बाहेरून रेटा हवा. येथे मधल्या दालनाचा रेटा शेजारची दालने घेतात, आणि त्यांच्या पलीकडे दोन्ही अंगांस जी छोटी प्रार्थनागृहे आहेत, त्यांच्यामधील आडव्या भिंती दोन बाजूंच्या पुस्तकांचे काम करतात. म्हणजे भाविकांस जी पूजेची जागा, तोच गवंड्याचा टेकू.

मुख्य वेदीमागील लाकडी कोरीव भिंत सर्वत्र सोन्याच्या वर्खाने मढविलेली आहे. तिच्यावर संत कॅथरीनच्या चरित्रातील प्रसंग कोरले आहेत. कथा अशी, की ही विदुषी मुलगी राजाच्या पंडितांशी वादात हरली नाही. तेव्हा तिला खिळ्यांच्या चक्रावर घालण्याची शिक्षा झाली, चक्र मोडले, आणि अखेरीस तिचा शिरच्छेद झाला. चक्र हे तिचे चिन्ह. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या १९३५ च्या राजचिन्हातही ते होते. येथील बाप्तिस्म्याची दगडी कुंडी १५३२ सालची आहे, म्हणजे इमारतीहून तीस वर्षांनी जुनी. पूर्वीच्या मंदिरातून ती इकडे आली असली पाहिजे. सेंट झेवियर यांनी ती वापरली, अशी परंपरा आहे व काळाचा मेळ पाहता ती अशक्य नाही. उजव्या हाताच्या एका प्रार्थनागृहात एक साधा क्रूस आहे. १६१९ साली या क्रुसावर ख्रिस्ताचे दर्शन झाले, अशी भाविकांची श्रद्धा असून त्यास चमत्काराचा क्रूस म्हणतात.

यापुढचा भाग शिकविताना शिक्षकाची खरी कसोटी आहे. दर्शनी भागाच्या दक्षिणेकडील मनोऱ्यात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिला सुवर्णघंटा म्हणतात. तिच्यात सोने आहे असे नव्हे. घंटेचा धातू म्हणजे कासे, सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील यांचे मिश्रण. नाद गोड व भरदार, म्हणून सोन्याचे नाव. ती १६५२ साली कुंकळ्ळी येथे ओतली गेली, असे सांगतात. याच घंटेच्या नादाने लोकांस एका भयंकर दिवसाची सूचना मिळे. कॅथेड्रलपुढील चौकाच्या एका बाजूस आदिलशाहाचा जुना वाडा होता. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्ममतांची झडती घेणारे न्यायासन, स्थापन झाले ते या वाड्यात. ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण जुने रीतिरिवाज सोडले नाहीत अशांवर, ज्यू कुळांतून आलेल्यांवर, आणि धर्मांतरास अडथळा करणाऱ्यांवर तेथे खटले चालत. आरोपीस फिर्यादी कोण हे सांगितले जात नसे. निकाल जाहीर करण्याच्या दिवशी कैद्यांची मिरवणूक निघे व काहींना जिवंत जाळण्याची शिक्षा होई. शार्ल देलाँ नावाच्या फ्रेंच वैद्यास दमण येथे पकडून या तुरुंगात ठेवले होते. १६७६ च्या जानेवारीत सूर्योदयापूर्वी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली व आपणांस बाहेर काढण्यात आले, हे त्याने सुटकेनंतर छापलेल्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडता हे न्यायासन १८१२ पर्यंत चालले.

याच्या आधीची हकीकतही झाकून ठेवण्याजोगी नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली व पुढील काही दशकांत साष्टी-बारदेशातही तेच झाले. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास गेला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. मांडवीतील दिवाडी बेटावरचे कदंबांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटेश्वर नदीपलीकडे नेण्यात आले. डिचोलीतील नार्वे येथील त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. ज्या कुंकळ्ळीत घंटा ओतली गेली, तेथेच १५८३ साली ग्रामस्थांनी पाच जेझुइट पाद्र्यांस ठार केले होते व त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांस बोलावून घेऊन मारण्यात आले होते.

हा भाग वगळावा, म्हणजे मुलांच्या मनात तेढ उत्पन्न होणार नाही, असा सल्ला कधी कधी दिला जातो. तो पटण्यासारखा नाही. मुले या गोष्टी घरी, जत्रेत, सहलीच्या गाडीत ऐकतातच. शाळेत त्या सन व स्थळासह ऐकल्या नाहीत तर त्या केवळ रागाच्या गोष्टी होऊन बसतात. मात्र सांगताना तीन गोष्टींची दक्षता घ्यावी. आज्ञा देणारी राजसत्ता व आज वर्गात शेजारी बसलेला ख्रिस्ती मुलगा यांचा संबंध जोडू नये. न्यायासनाचा सर्वांत मोठा जाच नव्या ख्रिस्ती कुटुंबांनाच सोसावा लागला, म्हणजे त्या मुलाचेच पूर्वज त्या तुरुंगात होते. दुसरे, आकडे फुगवू नयेत. तिसरे, त्याच काळातील दुसरी बाजूही सांगावी. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, साष्टीत चाळीस वर्षे राहिला, येथील लोकांची भाषा शिकला आणि मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ त्याने रचले. ते १६१६ साली छापले गेले. कॅथेड्रलची मुख्य इमारत उभी झाली त्याच १६१९ साली तो वारला.

कॅथेड्रल पुरे झाले, पण ज्या नगरासाठी ते बांधले ते नगर तोवर ओसरू लागले होते. १५६५ मध्ये विजयनगर बुडाले, तेव्हा घोड्यांचे मोठे गिऱ्हाईक गेले. १६२२ मध्ये होर्मुझ व १६४१ मध्ये मलाक्का हातचे गेले. डच आरमार मांडवीच्या मुखाशी येऊन वेढा देऊ लागले. त्याहून मोठा शत्रू रोग. सच्छिद्र जमिनीतून घाण विहिरीत उतरे व पटकी-हिवतापाच्या साथी वारंवार येत. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीस राहावयास गेला आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. या पडझडीच्या काळातच, १७७६ साली, कॅथेड्रलचा उत्तरेकडील मनोरा कोसळला. वीज पडली असे म्हणतात. तो पुन्हा उभारला गेला नाही. प्रथमच पाहणाऱ्या मुलास ही इमारत एका बाजूने अपुरी वाटते. ती अपुरी ठेवलेली नव्हे, मोडलेली आहे, हे त्याला सांगावे. नव्वद वर्षे बांधकाम चालविणाऱ्या राज्यास त्यानंतर एक मनोरा पुन्हा चढविणे झाले नाही.

शेजारच्या टेकडीवरील सेंट ऑगस्टीनच्या चर्चची स्थिती याहून वाईट झाली. पोर्तुगाल सरकारने धर्मसंघ बंद केल्यावर १८३५ मध्ये तेथील मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले, आणि आज सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. कॅथेड्रल कोणा धर्मसंघाचे नव्हते. ते आर्चबिशपच्या गादीचे होते. त्यामुळे गाव रिकामे झाले तरी तेथे प्रार्थना चालू राहिली, कौले फिरविली गेली, पावसाळ्याआधी सफेदी होत राहिली. जांभ्याची इमारत टिकते ती अशी, दरवर्षीच्या देखभालीने.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाले. पुढे ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आली, आणि १९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चे व मठ यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. शेजारील सेंट फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. सेंट झेवियर यांचे शव साधारणपणे दर दहा वर्षांनी दर्शनासाठी बोम जेझुसमधून ‘से’ कॅथेड्रलमध्ये आणतात. २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत असे दर्शन झाले. आदिलशाहाचा वाडा मात्र एकोणिसाव्या शतकात पाडून टाकण्यात आला. सेंट काजेतानच्या चर्चजवळ त्याच्या दरवाजाचे काळ्या दगडाचे दोन कोरीव खांब व वरची आडवी शिळा एवढेच उरले आहे. हे खांब त्याआधी एखाद्या देवळाचे असावेत, असे त्यांच्या कोरीव कामावरून जाणकार मानतात. सहलीच्या वाटेत तेथे पाच मिनिटे थांबता येते.

ज्या शाळांना गोव्याची सहल परवडत नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तेथील चर्चांच्या घंटा देशावर आल्या व देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकर येथे व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अशा घंटा आहेत. वाईजवळ मेणवली येथे नदीकाठच्या देवळालगत जी घंटा आहे, तिच्यावर माता मेरी व बालक येशू यांची आकृती असून १७०७ हा सन कोरलेला आहे. मुलांनी तो स्वतः वाचावा, आकृतीचे चित्र वहीत काढावे, आणि ही घंटा प्रथम कोठे वाजली असेल, तेथून येथवर ती कोणी व कशी आणली असेल, हे वर्गात येऊन सांगावे.